वृद्ध रुग्णांमधील मुग्धभ्रांती

मुग्धभ्रांती अथवा डेलिरियम ही मेंदूच्या कार्यात अचानक उद्भवणाऱ्या बिघाडाची अवस्था होय. या अवस्थेत रुग्णाचे अवधान ढळते, स्थळ-काळाचे भान सुटते, विचारांची संगती तुटते आणि ही लक्षणे दिवसभरात कमी-अधिक होत राहतात. तिची सुरुवात काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होते. मुग्धभ्रांती हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील दुसऱ्या एखाद्या आजाराचा मेंदूवर झालेला परिणाम असतो. साठीपुढील व्यक्तींमध्ये, त्यातही रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांमध्ये, ती विशेषत्वाने आढळते. वैद्यकीय कारणांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या वृद्धांपैकी साधारणपणे दर चार-पाच जणांमागे एकाला ती होते. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते.

विषाणुसंसर्ग हे मुग्धभ्रांतीचे एक महत्त्वाचे कारण आहे. इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, चिकुनगुन्या आणि २०२० पासूनचा कोविड-१९ या सर्व आजारांत ती दिसून आली आहे. वृद्ध व्यक्तीत ताप किंवा खोकला नसताना केवळ मुग्धभ्रांती हेच संसर्गाचे पहिले लक्षण असू शकते. त्यामुळे ती वेळीच ओळखण्यावर अनेकदा रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

नाव व व्युत्पत्ती

‘डेलिरियम’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. ‘लिरा’ म्हणजे नांगरटीचा तास आणि ‘दे’ म्हणजे पासून दूर. तास सोडून भलतीकडे जाणारा नांगर, असा त्याचा मूळ अर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने हा शब्द वैद्यकीय अर्थाने वापरला.

मराठीत मानसशास्त्रीय लेखनात ‘मुग्धभ्रांती’ ही संज्ञा रूढ आहे. बोलीभाषेत मात्र या अवस्थेला पूर्वापार वेगवेगळे शब्द आहेत. ‘वात झाला’, ‘वातात बडबडतो’, ‘तापात बरळतो’, ‘भ्रम झाला’ हे वाक्प्रचार मराठवाड्यासह सर्वत्र ऐकू येतात. आयुर्वेदात ‘प्रलाप’ म्हणजे असंबद्ध बोलणे हे सन्निपात ज्वराचे एक लक्षण मानले आहे. मराठीत ‘सन्निपात होणे’ हा प्रयोग त्यावरूनच आला. वृद्धाच्या बाबतीत ‘म्हातारचळ’ हा शब्दही सहज वापरला जातो. मात्र या शब्दाने हळूहळू जडणारा स्मृतिभ्रंश आणि अचानक उद्भवणारी मुग्धभ्रांती यांत फरक केला जात नाही, आणि निदान लांबण्याचे ते एक कारण ठरते.

इतिहास

तापात माणूस बरळतो हे निरीक्षण फार प्राचीन आहे. ग्रीक वैद्यकातील हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत तापासोबत येणाऱ्या मानसिक गोंधळाची वर्णने आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीत हा संबंध ठळकपणे पुढे आला. या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि मुंबई इलाख्याला तिचा मोठा फटका बसला. अमेरिकेतील बॉस्टन येथे कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाने इन्फ्लुएन्झाशी निगडित मनोविकारांच्या १०० रुग्णांचा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध केला.

१९५९ मध्ये जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो यांनी मेंदूच्या विद्युत-आलेखाच्या आधारे असे मांडले की, जसे हृदय किंवा मूत्रपिंड अपुरे पडते तसा या अवस्थेत मेंदू अपुरा पडतो. या मांडणीमुळे मुग्धभ्रांतीकडे ‘वेड’ म्हणून न पाहता एका इंद्रियाचे तात्पुरते अपयश म्हणून पाहिले जाऊ लागले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत तिचे निकष निश्चित झाले. १९९० मध्ये शॅरन इनौये व सहकाऱ्यांनी रुग्णशय्येपाशी वापरता येईल अशी निदानपद्धती तयार केली. ‘कॅम’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती आज जगभर वापरली जाते.

लक्षणे

अवधान टिकवता न येणे हे मुग्धभ्रांतीचे केंद्रीय लक्षण आहे. विचारलेल्या प्रश्नाकडे रुग्णाचे लक्ष राहत नाही, बोलता बोलता धागा सुटतो, तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. याखेरीज पुढील लक्षणे आढळतात :

- आपण कोठे आहोत, सकाळ आहे की रात्र, समोरची व्यक्ती कोण, याचे भान नसणे;
- असंबद्ध बोलणे, जुन्या काळातील माणसांना किंवा दिवंगत नातेवाइकांना हाका मारणे;
- भास होणे. भिंतीवर किडे, छतावर साप, खोलीत अनोळखी माणसे दिसणे;
- संशय. परिचारिका विष देत आहेत, आपल्याला कोंडून ठेवले आहे असे वाटणे;
- सलाईनची नळी, ऑक्सिजनचा मुखवटा, लघवीची नळी ओढून काढणे;
- दिवसा गुंगी व रात्री जाग, अशी झोपेची उलटापालट होणे;
- अकारण भीती, रडू, चिडचिड किंवा संपूर्ण उदासीनता.

लक्षणांचा चढउतार हे या अवस्थेचे वैशिष्ट्य आहे. सकाळी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी रुग्ण नीट बोलतो आणि रात्री घरी जाण्यासाठी पलंगावरून उतरू पाहतो. रात्रीचे वर्णन करणाऱ्या नातेवाइकांवर म्हणून अविश्वास दाखवणे योग्य नसते.

प्रकार

मुग्धभ्रांतीचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या, अतिक्रियाशील प्रकारात रुग्ण अस्वस्थ असतो, ओरडतो, उठून पळू पाहतो. दुसऱ्या, अल्पक्रियाशील प्रकारात तो निपचित पडून राहतो, विचारल्यावर उशिरा व तुटक उत्तर देतो, जेवणाखाण्याकडे दुर्लक्ष करतो. तिसऱ्या, मिश्र प्रकारात या दोन्ही अवस्था आलटून पालटून येतात.

पहिला प्रकार कोणाच्याही ध्यानात येतो. दुसरा मात्र सहज निसटतो. ‘आजोबा आज शांत झोपले आहेत’ असा त्याचा अर्थ लावला जातो. वृद्धांमध्ये अल्पक्रियाशील प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि उशिरा ओळखला जात असल्याने त्याचे परिणामही गंभीर असतात. त्याला कधी नैराश्य, तर कधी केवळ अशक्तपणा समजले जाते.

कारणे

मुग्धभ्रांती सहसा एकाच कारणाने होत नाही. रुग्णाची मुळातील दुर्बलता आणि तिच्यावर अचानक पडलेला ताण या दोहोंच्या मेळातून ती उद्भवते. दुर्बलता जितकी अधिक, तितका लहान ताणही पुरेसा ठरतो. धडधाकट तरुणाला ती होण्यास तीव्र जंतुदोष व्हावा लागतो. स्मृतिभ्रंश असलेल्या ऐंशी वर्षांच्या वृद्धेला साध्या मूत्रमार्ग-संसर्गाने किंवा बद्धकोष्ठाने ती होऊ शकते.

मुळातील दुर्बलतेत वाढते वय, स्मृतिभ्रंश, पूर्वीचा पक्षाघात, दृष्टी व श्रवण कमी असणे, कुपोषण, मूत्रपिंडाचा विकार आणि एकाच वेळी अनेक औषधे चालू असणे यांचा समावेश होतो. तात्कालिक कारणांत संसर्ग, रक्तातील ऑक्सिजन कमी होणे, शरीरातील पाणी कमी होणे, सोडियम किंवा साखर कमी-अधिक होणे, वेदना, लघवी तुंबणे, झोपमोड, शस्त्रक्रिया आणि जागा बदलणे ही प्रमुख होत.

औषधांचा वाटा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. झोपेसाठी व चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या, सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिनसारखी जुनी ॲलर्जीरोधके, पोटदुखीवरील काही औषधे आणि अफूजन्य वेदनाशामके वृद्धांत गोंधळ निर्माण करू शकतात. याउलट, नेहमीची गोष्ट अचानक बंद झाल्यानेही ती होते. रोज दारू पिणाऱ्याची दारू रुग्णालयात एकाएकी थांबली की दोन-तीन दिवसांत कंप, घाम, भास व आकडी असे चित्र दिसू शकते. हा मुग्धभ्रांतीचा जीवघेणा प्रकार असून त्याचे उपचार वेगळे असतात. तंबाखू किंवा मिश्रीची दीर्घकाळ सवय असलेल्या व्यक्तीत ती बंद झाल्यावर येणारी अस्वस्थताही गोंधळात भर घालते. ग्रामीण महाराष्ट्रात वृद्ध स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची प्रथा आहे. घरच्यांनी ही माहिती डॉक्टरांना देणे संकोचाचे वाटले तरी आवश्यक असते.

विषाणुसंसर्ग व मेंदू

विषाणुसंसर्गात मेंदू अनेक मार्गांनी बाधित होतो. बहुसंख्य रुग्णांत विषाणू प्रत्यक्ष मेंदूत शिरलेला नसतो. संसर्गाशी लढताना शरीरात दाह वाढवणारी जी द्रव्ये तयार होतात, त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. अवधानासाठी आवश्यक असलेल्या ॲसिटिलकोलिन या चेतासंदेशवाहकाचे कार्य घटते आणि डोपामिनचे वाढते, असे मानले जाते. त्यातच ताप, ऑक्सिजनची कमतरता आणि निर्जलीकरण यांची भर पडते.

काही विषाणू मात्र मेंदूला थेट दाह घडवतात. याला मस्तिष्कदाह म्हणतात. आकडी, मान ताठरणे, एका बाजूचा अशक्तपणा किंवा वेगाने वाढणारी बेशुद्धी ही त्याची सूचक लक्षणे असून अशा वेळी पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी व मेंदूचे चित्रण आवश्यक ठरते. चिकुनगुन्या हा सामान्यतः सांधेदुखीचा आजार म्हणून ओळखला जातो. परंतु २००५-०६ च्या साथीत हिंदी महासागरातील रेयुनियॉं बेटावर वृद्धांमध्ये त्याने मस्तिष्कदाह झाल्याचे नोंदले गेले.

कोविड-१९ मधील अभ्यास

कोविड-१९ च्या साथीने मुग्धभ्रांतीचा प्रश्न जगभर ऐरणीवर आणला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सात केंद्रांतील तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध कोविड रुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी २८ टक्के रुग्णांना येतानाच मुग्धभ्रांती होती. या मुग्धभ्रांत रुग्णांपैकी १६ टक्क्यांच्या बाबतीत ती हेच मुख्य लक्षण होते आणि ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखी कोविडची नेहमीची लक्षणे नव्हती. म्हणजेच केवळ ताप व खोकला विचारून केलेल्या चाळणीतून असे रुग्ण सुटून जाण्याचा संभव होता.

जानेवारी २०२१ मध्ये अतिदक्षता विभागांतील रुग्णांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १४ देशांतील ६९ विभागांमधील २,०८८ रुग्ण होते. त्यांपैकी ५५ टक्क्यांना मुग्धभ्रांती झाली. बेंझोडायझेपिन औषधे सलग देण्याशी तिचा संबंध आढळला, तर प्रत्यक्ष किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून कुटुंबीयांची भेट झालेल्या रुग्णांत तिचा धोका कमी दिसला. ज्या वेळी भेटींवर सर्वत्र बंदी होती, त्याच वेळी भेटीचा उपयोग आकड्यांनी पुढे आला, हे या अभ्यासाचे महत्त्व.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुणे येथे आढळले. देशात सर्वाधिक रुग्ण व मृत्यू याच राज्यात नोंदले गेले. मृत्यूंची नोंद सुमारे १ लाख ४८ हजारांवर पोहोचली. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते आणि ते राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक होते. साहजिकच साथीचा भार वृद्धांवर मोठ्या प्रमाणात पडला.

भारतीय रुग्णालयांत रुग्णासोबत घरचे माणूस राहण्याची रीत आहे. पाणी पाजणे, भरवणे, कूस वळवणे, रात्री उठू लागल्यास आवरणे, डॉक्टरांना बदल सांगणे ही कामे बहुतांशी हा सोबतीच करतो. परिचारिकांची संख्या अपुरी असलेल्या ठिकाणी तर सारी देखरेखच त्याच्या भरवशावर चालते. मुग्धभ्रांतीच्या प्रतिबंधासाठी तज्ज्ञ जे उपाय सुचवतात, त्यांतील बरेचसे या रीतीत आपोआप घडतात. कोविड कक्षांत संसर्गाच्या भीतीने सोबतीला मज्जाव झाला आणि हा आधार एकाएकी नाहीसा झाला. आपादमस्तक संरक्षक पोशाखातील कर्मचाऱ्यांचे चेहरे दिसत नव्हते. मुखपट्टीमुळे ओठांची हालचाल दिसत नसल्याने कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना बोलणे समजत नव्हते. चष्मा, कवळी व श्रवणयंत्र पिशवीत राहत. चोवीस तास पेटलेल्या दिव्यांमुळे दिवस-रात्र कळत नसे. उपचारासाठी दिलेल्या स्टिरॉइड औषधांनी झोप उडत असे व रक्तातील साखर वाढत असे.

साथीच्या काळात एकट्या वृद्ध रुग्णाच्या देखरेखीचा प्रश्न किती गंभीर होता, हे जून २०२० मधील जळगाव येथील घटनेने दाखवून दिले. तेथील शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची कोविडबाधित वृद्धा बेपत्ता झाल्याचे सांगण्यात आले आणि १० जून रोजी, सुमारे आठ दिवसांनी, तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात आढळला. या प्रकरणी अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली. ही घटना देखरेखीतील त्रुटीची म्हणून चर्चिली गेली. अशक्त किंवा गोंधळलेला वृद्ध पलंगावर नसल्याचे तत्काळ लक्षात येणे हा सुरक्षिततेचा किमान निकष आहे, ही बाब तिच्यामुळे अधोरेखित झाली.

मराठवाडा व परिसर

येडशी हे धाराशिव जिल्ह्यातील गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे २० कि.मी. अंतरावर वसले आहे. बार्शी–लातूर मार्गही येथूनच जातो. बालाघाटच्या रांगेतील या परिसराला विषाणुजन्य साथींचा जुना इतिहास आहे. पश्चिमेकडील बार्शी येथे १९७३ मध्ये झालेली चिकुनगुन्याची साथ भारतीय विषाणुविज्ञानात प्रसिद्ध आहे. त्यानंतर सुमारे तीन दशके देशात या रोगाची मोठी साथ आली नाही; २००५-०६ मध्ये ती परतली तेव्हा महाराष्ट्रातही हजारो लोक आजारी पडले. विषाणूंच्या अभ्यासाचे राष्ट्रीय केंद्र असलेली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुणे येथे असून तिची स्थापना १९५२ मध्ये विषाणुसंशोधन केंद्र या नावाने झाली.

२०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव, तत्कालीन उस्मानाबाद, जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ५७ हजार असून तीत ग्रामीण लोकसंख्या बहुसंख्य आहे. अशा भागातील गंभीर रुग्णाला गावातून तालुक्याला, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पुढे सोलापूर किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे लागते. प्रत्येक टप्प्यावर नवी जागा, नवे चेहरे आणि झोपमोड वृद्धाच्या वाट्याला येते. आधीच्या ठिकाणी कोणती औषधे दिली याची माहिती सोबत न गेल्यास गोंधळाचे कारण शोधणेही अवघड होते. मूळची भाषा हाही एक घटक आहे. या भागातील काही वृद्धांची घरची बोली कन्नड, दखनी उर्दू किंवा बंजारा असते. आजारपणात व भ्रांतीत माणूस सहसा घरच्या बोलीत बोलतो; ती न समजणाऱ्याला सुसंगत बोलणेही बरळणे वाटू शकते.

निदान

मुग्धभ्रांतीचे निदान रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या चित्रणाने होत नाही. ते रुग्णाशी बोलून व त्याच्या जवळच्या माणसाला विचारून होते. ‘कॅम’ पद्धतीत चार गोष्टी पाहिल्या जातात : (१) बदल अचानक झाला आहे व कमी-अधिक होतो, (२) अवधान टिकत नाही, (३) विचार विस्कळीत आहेत, (४) जागृतीची पातळी बदललेली आहे. पहिल्या दोन्ही आणि उरलेल्यांपैकी किमान एक असल्यास निदान होते. बोलू न शकणाऱ्या, श्वसनयंत्रावरील रुग्णांसाठी या पद्धतीचे वेगळे रूप २००१ मध्ये तयार करण्यात आले.

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे विकसित झालेली ‘फोर-ए-टी’ ही चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. तीत रुग्णाची जागृती, वय-जन्मतारीख-ठिकाण-चालू वर्ष हे चार प्रश्न, महिन्यांची नावे उलट क्रमाने सांगणे आणि अचानक झालेला बदल यांना गुण दिले जातात. एकूण १२ गुणांपैकी ४ किंवा अधिक गुण मुग्धभ्रांतीची शक्यता दर्शवतात.

ग्रामीण महाराष्ट्रात या प्रश्नांचा वापर तारतम्याने करावा लागतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच अनेक ज्येष्ठांची कागदोपत्री जन्मतारीख असते आणि जे शाळेत गेलेच नाहीत त्यांना तीही ठाऊक नसते. अशा व्यक्तीला जन्मतारीख सांगता आली नाही, यावरून तिचे भान हरपले असे ठरत नाही. इंग्रजी महिन्यांऐवजी फाल्गुन, माघ, पौष असे मराठी महिने, आठवड्याचे वार किंवा वीसपासून एकपर्यंतचे आकडे उलट म्हणावयास सांगता येतात. कालभान पाहताना तारखेऐवजी नुकताच झालेला सण, वेळअमावस्येसारखी स्थानिक तिथी, चालू असलेली पेरणी किंवा सुगी यांविषयी विचारणे अधिक उपयुक्त ठरते. सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र घरच्यांना विचारावयाचा असतो : ‘हे नेहमी असेच असतात, की दोन दिवसांत बदलले?’

निदान झाल्यावर कारणाचा शोध घेतला जातो. ऑक्सिजन, साखर, रक्तदाब व तापमान यांची मोजणी, रक्तातील क्षार, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्या, संसर्गाचा शोध, लघवी व शौचाची विचारपूस आणि चालू औषधांची उजळणी या क्रमाने तपास होतो. डोक्याला मार लागला असल्यास किंवा पक्षाघाताची शंका असल्यास मेंदूचे चित्रण करतात.

स्मृतिभ्रंशापासून वेगळेपण

स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. मुग्धभ्रांती तासा-दिवसांत येते. स्मृतिभ्रंशात सुरुवातीच्या काळात अवधान व जागृती बऱ्यापैकी शाबूत असतात आणि स्मरणशक्ती प्रथम घटते; मुग्धभ्रांतीत अवधान प्रथम ढळते. स्मृतिभ्रंश सहसा परत फिरत नाही. मुग्धभ्रांतीतून कारण दूर झाल्यावर बहुतेक रुग्ण सावरतात. तथापि दोन्ही एकत्र असू शकतात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची स्थिती अचानक बिघडली, तर ‘आजार वाढला’ असे न मानता मुग्धभ्रांतीचा शोध घ्यावा लागतो.

उपचार

मूळ कारण दूर करणे हाच मुख्य उपचार होय. ऑक्सिजन देणे, पाणी व क्षारांची भरपाई करणे, संसर्गावर उपचार करणे, वेदना शमवणे, लघवी तुंबली असल्यास मोकळी करणे आणि गोंधळ वाढवणारी औषधे कमी करणे हे त्याचे टप्पे आहेत.

भ्रांती ‘दाबण्यासाठी’ दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांचा उपयोग मर्यादित आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागांतील ५६६ रुग्णांवरील चाचणीत हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन ही औषधे दिल्याने मुग्धभ्रांतीचा काळ कमी झाला नाही. त्यामुळे रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तेव्हाच अशी औषधे अल्प मात्रेत व थोड्या काळासाठी देण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. दारू बंद झाल्याने होणाऱ्या प्रकारात बेंझोडायझेपिन व थायमिन दिले जाते. इतर प्रकारांत बेंझोडायझेपिन टाळणे श्रेयस्कर मानतात.

हातपाय पलंगाला बांधण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बांधल्याने रुग्णाची भीती व झटापट वाढते, इजा होते आणि भ्रांती लांबते. त्यामुळे शक्य तेथे जवळ माणूस बसवणे, नळ्या नजरेआड ठेवणे व अनावश्यक नळ्या काढून टाकणे हे पर्याय सुचवले जातात.

प्रतिबंध

मुग्धभ्रांतीच्या सुमारे एक तृतीयांश घटना टाळता येण्याजोग्या असतात. अमेरिकेतील येल विद्यापीठात इनौये व सहकाऱ्यांनी आखलेल्या कार्यक्रमाची चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सत्तरीपुढील ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना, तर कार्यक्रमात सामील झालेल्यांपैकी ९.९ टक्क्यांना मुग्धभ्रांती झाली. या कार्यक्रमातील उपाय साधे होते : रुग्णाला स्थळ-काळाची आठवण करून देणे, लवकर उठवून चालवणे, रात्रीची झोप राखणे, चष्मा व श्रवणयंत्र लावणे आणि पुरेसे पाणी पाजणे.

कोविड काळात यांतील काही उपाय बदलत्या रूपात वापरले गेले. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी संरक्षक पोशाखावर आपले नाव लिहिले किंवा छायाचित्र लावले, तसेच भ्रमणध्वनीवरून कुटुंबीयांशी दृक्‌श्राव्य संवाद घडवून आणला.

नातेवाइकांची भूमिका

रुग्णासोबत राहणाऱ्या व्यक्तीने पुढील गोष्टी केल्यास उपयोग होतो :

- नेहमीच्या औषधांची यादी किंवा गोळ्यांची पाकिटे, चष्मा, कवळी व श्रवणयंत्र सोबत नेणे;
- रुग्णाला घरात ज्या नावाने हाक मारतात, ते आबा, बापू, अक्का, माय असे नाव कर्मचाऱ्यांना सांगणे;
- शांत आवाजात, छोट्या वाक्यांत बोलणे; आपण कोण, कोठे आहोत, किती वाजले हे अधूनमधून सांगणे;
- भासांवरून वाद न घालणे व त्यांना दुजोराही न देणे; ‘मी जवळ आहे’ असा धीर देणे;
- दिवसा खिडकी उघडी ठेवणे, बसवणे, चालवणे; रात्री दिवा व आवाज कमी करणे;
- एका वेळी फार माणसांची गर्दी न करणे;
- झोपेच्या गोळ्या, सर्दीची औषधे किंवा दारू स्वतःच्या मर्जीने न देणे.

घरी असलेल्या वृद्धाच्या वागण्यात किंवा बोलण्यात एक-दोन दिवसांत बदल झाल्यास ती तातडीची वैद्यकीय बाब समजावी. ‘बाहेरची बाधा’ म्हणून उतारा करण्यात किंवा वयाचा परिणाम म्हणून वाट पाहण्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

परिणाम

योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरतात. काहींना महिने लागतात. मुग्धभ्रांती झालेल्या वृद्धांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, पडण्याचे व जखमांचे प्रमाण वाढते, स्वतःची कामे करण्याची क्षमता घटते. पुढील काळात मृत्यूचा तसेच स्मृतिभ्रंशाचा धोकाही अशा रुग्णांत अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

बरे झाल्यावर काही रुग्णांना भ्रांतीतील भीतिदायक दृश्ये आठवत राहतात. आपण शिवीगाळ केली, कपडे फेडले, मुलांवर संशय घेतला, याची त्यांना लाज वाटते आणि ते त्याविषयी बोलत नाहीत. तो आजाराचा भाग होता, वेड नव्हते, हे त्यांना व घरच्यांना स्पष्टपणे सांगणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

वृद्धसेवेची व्यवस्था

वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयांत वृद्धोपचार विभाग आणि निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत प्रादेशिक केंद्रे उभारण्याची तरतूद आहे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांपैकी एक केंद्र होय. मुग्धभ्रांतीच्या प्रतिबंधाला महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित परिचारिका, दिवसातून एकदा घेतलेली अवधानाची साधी चाचणी आणि रुग्णाजवळ ओळखीचे माणूस या गोष्टी तालुक्याच्या रुग्णालयातही शक्य आहेत.

हे सुद्धा पहा

- स्मृतिभ्रंश
- कोविड-१९ ची महाराष्ट्रातील साथ
- चिकुनगुन्या
- मस्तिष्कदाह
- राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, पुणे